वर्गातलं लेकरू गप्प झालंय. शिक्षकांनी काय करावं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या अनेक शाळांचा पट कागदावर तेवढाच असतो, वर्ग मात्र विरळ झालेला असतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आई-बाप कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं किंवा थेट कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले असतात. काही मुलं त्यांच्याबरोबर फडावर जातात. काही आजी-आजोबांपाशी, चुलत्याकडं किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच राहतात. या मागं राहिलेल्यांपैकी एखादं आठवडाभर बोलत नाही, एखादं रोज दुपारी पोट दुखतं म्हणून घरी जायला मागतं, तर कालपर्यंत शहाणं म्हणून नावाजलेलं एखादं आज शेजारच्या पोराला चावतं.

शिक्षण परिषदांमध्ये हा विषय निघाला की शिक्षकांचा प्रश्न जवळपास त्याच शब्दांत येतो: "आम्ही काही डॉक्टर नाही. विचारायला गेलो अन् लेकरू रडायलाच लागलं, तर पुढं काय करायचं?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. उपचार करणं तुमचं काम नाही, हे आधीच स्पष्ट करू. तुम्हाला ओळखायचं आहे, ऐकून घ्यायचं आहे आणि योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची आहे. शिवाय जे कळलं ते एकट्यानं वाहायचं नाही. चांगले शिक्षक चुकतात ते बहुतेक वेळा या शेवटच्या बाबतीत.

बघायचं काय?

"मला उदास वाटतंय" असं चौथीतलं मूल म्हणत नाही. नववीतलंही सहसा म्हणत नाही. त्यामुळं रोजच्या गोष्टींतला बदल टिपावा लागतो.

- खिचडीचं ताट. ताट तसंच राहतंय का? की मूल रोज डब्यात भरून घरी नेतंय? घरी नेत असेल तर बहुधा तिथं धाकटं भावंड असतं आणि रांधणारं कुणी नसतं. अशा वेळी समुपदेशनाच्या आधी दोघांच्या जेवणाची सोय लावा.
- दुखणं. पोट किंवा डोकं ठरावीक तासाला, ठरावीक वारी दुखतंय का? मूल सोंग करतंय असं धरून चालू नका. ताण पोटात खरोखरच दुखवतो. आधी आरोग्य केंद्रात दाखवा, मग कारण शोधा.
- झोप. पहिल्या तासाला पेंगणारं मूल रात्री आजारी आजीला सांभाळत असेल, भीतीनं जागं राहत असेल किंवा मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर असेल. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा आहे, म्हणून विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.
- अंग. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटावर ओरखडे, बसताना दुखल्यासारखं करणं.
- निरोपाची भाषा. आवडता कंपास कुणाला देऊन टाकणं, "आता माझा कुणाला त्रास नाही होणार" असं बोलणं.

पहिल्या तीन गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर बोलायला बसा. शेवटच्या दोन दिसल्या तर त्याच दिवशी बसा.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलगी रडली की तिला जवळ घेतात. मुलगा मारामारी करतो तेव्हा त्याला छडी मिळते. दोघांच्या घरात घडलेलं एकच असू शकतं. बाप गेल्यावर किंवा आई फडावर गेल्यावर दहा-बारा वर्षांच्या मुलाचं दुःख पुष्कळदा हातापायांतून बाहेर पडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, हे तर आहेच. पण कायदा नसता तरी इथं छडीनं काहीच साधत नाही.

बंजारा तांड्यावरच्या मुलांबद्दल थोडी वेगळी काळजी घ्या. त्यांच्या घरची भाषा गोरमाटी. दुःख सांगायला शाळेची मराठी अपुरी पडते. "तुझ्या भाषेत सांग, मला कळेल तेवढं मी समजून घेतो," एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं. मात्र खासगी गोष्टीचा अर्थ लावायला वर्गातल्याच दुसऱ्या मुलाला बसवू नका. तांड्यावरच्या विश्वासू आशाताई त्यासाठी बऱ्या.

बोलायचं कसं?

सगळ्यांसमोर "काय रे, तोंड का पाडलंय?" असं विचारलं की उत्तर "काही नाही" हेच येणार. मधल्या सुट्टीत, झाडांना पाणी घालताना, वाचनालयाची पुस्तकं लावताना बोला. समोर उभं न राहता शेजारी बसा. इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा निवडा, दार बंद करू नका. यात मुलाचीही सुरक्षितता आहे आणि तुमचीही. मुलीला शिक्षिकेशी बोलावंसं वाटतं का ते तिलाच विचारा. शाळेत शिक्षिका नसतील तर अंगणवाडी ताईंची मदत घ्या.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीवरून करा: "बरेच दिवस तू जेवत नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय. सांगावंसं वाटलं तर मी ऐकायला आहे. आज नाही वाटलं तरी चालेल." आणि मग गप्प बसा. तास चालवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हेच सर्वांत अवघड जातं.

लेकरू रडलं तर रडू द्या. पाणी द्या, शेजारी बसून राहा. रडणं ओसरलं की छोटी निवड त्याच्या हातात द्या: "थोडा वेळ इथंच बसायचंय, की वर्गात जायचंय?" तुम्ही विचारल्यामुळं दुःख तयार झालेलं नाही. ते आधीपासून होतं, फक्त आता एकटं राहिलं नाही.

पुढची वाक्यं टाळा:

- "त्यात काय एवढं? आमच्या वेळी तर..."
- "तुझ्यापेक्षा वाईट दिवस बघितलेत लोकांनी."
- "रडतोस काय पोरीसारखा?"
- "आई-बाप तुझ्यासाठीच तर ऊस तोडतात ना?"

शेवटचं वाक्य खरं आहे आणि मायेनं म्हटलेलंही असतं. पण त्यानं आई दूर असल्याच्या दुःखावर अपराधीपणाची भर पडते, आणि मूल पुढच्या वेळी आठवण आली तरी बोलत नाही.

"कुणाला सांगणार नाही ना?" असं मुलानं विचारलं तर शपथ घेऊ नका. असं सांगा: "वर्गात, गावात मी कुणालाही बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावंच लागेल. कुणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुलं थांबतात. थांबू द्या. खोटा शब्द देऊन काढून घेतलेली गोष्ट पुढं मोडावी लागते आणि त्यानंतर ते मूल कुठल्याही मोठ्या माणसाला काही सांगत नाही.

वर्गातच श्वास लागला, हातपाय वाकडे झाले तर

भीतीचा झटका आला की मूल भराभर श्वास घेतं, हाताला मुंग्या येतात, छाती दाबल्यासारखी वाटते. गर्दी हटवा. पाय जमिनीला टेकवून बसवा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायला सांगा आणि तुम्हीही तसंच करा. आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा. पहिल्यांदाच असं झालं असेल तर नंतर डॉक्टरांना दाखवाच.

शुद्ध हरपून हातपाय झटकत असतील तर ती फीट असू शकते. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर ठेवा, तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्यानं काहीही होत नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.

"बाहेरचं आहे" म्हणून घरचे देवऋषीकडं नेत असतील तर श्रद्धेवर वाद घालू नका, त्यातून तुमचं दार बंद होतं. "तिकडं न्यायचं तर न्या, पण आधी दवाखान्यात दाखवू" एवढं पटवा. मुलाला मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही होत असेल तर मात्र तो श्रद्धेचा विषय उरत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

आई-बाप फडावर असतील तर

कोयता हातात घेण्याआधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पालकांची एक बैठक घेता आली तर हंगामातले निम्मे प्रश्न सुटतात. त्या बैठकीत एवढं लिहून घ्या:

- मूल कुणाकडं राहणार, त्या माणसाचा फोन, आणि तो माणूस आजारी पडला तर दुसरं कोण.
- पालकांचा आणि टोळीच्या मुकादमाचा फोन, कारखान्याचं नाव.
- पालकांचा फोन कधी लागतो. पहाटे तोड सुरू होते आणि गाडी भरायला रात्र होते, त्यामुळं आठवड्यातला एक ठरावीक वार-वेळ ठरवलेला बरा. मुलाला वाट पाहायला काहीतरी निश्चित मिळतं.
- मूल सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड. ते दिलं तर कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत जायला हवा. डिसेंबरात मंजुरी आली की तोवर मुलं निघून गेलेली असतात. पाचवीपुढच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. शिरूर कासार तालुक्यात आर्वीच्या शांतिवनसारखे निवासी प्रकल्पही ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काम करतात. आई-वडील दोघंही नसलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलाला मात्र परस्पर कुठल्याही संस्थेत पोचवू नका. त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढंच न्यावं लागतं.

वर्गातही थोडं जपावं लागतं. नोव्हेंबरात "माझी दिवाळीची सुट्टी" हा निबंध दिला तर ज्याची आई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये बसून गेली, त्यानं काय लिहायचं? दोन-तीन विषय द्या, त्यातला एक घराशी संबंध नसलेला असू द्या. "उद्या आईची सही आणा" ऐवजी "घरातल्या मोठ्या माणसाची सही आणा" म्हणा. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मागच्या चार महिन्यांच्या वह्या दाखवायला लावू नका. फडावर त्यानं धाकट्याला सांभाळलेलं असतं, कोपीत स्वयंपाक केलेला असतो. त्या कामाची दखल घेऊन मग अभ्यासाचं बोला.

वडील गेल्यावर शाळेत परतलेलं मूल

शेतकरी बापाची आत्महत्या हा प्रसंग बीड जिल्ह्यात दुर्मीळ नाही. दहावा-तेरावा झाला की मूल शाळेत येतं. तोवर गावातल्या प्रत्येक माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून "आता तूच घरचा कर्ता" असं म्हटलेलं असतं. सातवीतल्या पोराला हे ओझं उचलत नाही. शाळेत तरी त्याला सातवीतलं पोर राहू द्या.

तो येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. "उद्या तो येतोय. काय झालं, कसं झालं हे विचारायचं नाही. खेळायला बोलवायचं, वही द्यायची." मूल आलं की पहिल्या दिवशी मोजकं बोला: "तुझे बाबा गेले, मला फार वाईट वाटलं. वर्गात बसवेना झालं तर पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर ये, विचारायची गरज नाही." खोटं सांगू नका. गावाला माहीत असलेली गोष्ट "हार्ट अटॅक" म्हणून लपवली तर मुलाला ती दुसऱ्याच्या तोंडून, भांडणात कळते. धाकट्या वर्गातल्या मुलाला कारण काय सांगायचं ते आईशी बोलून ठरवा, आणि एक गोष्ट वारंवार सांगा: "हे तुझ्यामुळं झालेलं नाही." सहली​साठी पैसे मागितले होते, बाबांशी भांडलो होतो, असं काहीतरी प्रत्येक मुलाच्या मनात असतंच.

घरात त्या वेळी आणखी एक चर्चा चालू असते: एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र. बापाच्या मरणाला "अपात्र" हा शब्द लागलेला ते मूल ऐकत असतं. शाळेनं निदान त्या शब्दापासून त्याला दूर ठेवावं. वह्या-दप्तरं वाटायला पाहुणे आले की "आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलं पुढं या" अशी घोषणा होते आणि फोटो निघतो. हे थांबवायचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. मदत घ्या, ती घरी पोचवा, मुलाला रांगेत उभं करू नका.

पैशाची खरी मदत वेगळीकडं आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडं जातो, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यू दाखला, बोनाफाइड, आधार, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक ही कागदं जमवून देणं हा मला तरी कुठल्याही सांत्वनाहून उपयोगी आधार वाटतो. आईला एक चक्कर वाचते आणि शाळा सोबत आहे हे मुलाला दिसतं.

"मला जगायचंच नाही" असं मूल म्हणालं तर

इथं घाबरून विषय बदलण्याची चूक सर्वांत जास्त होते. "आत्महत्येचं विचारलं तर डोक्यात भरेल" ही समजूत चुकीची आहे. सरळ, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट मूल बोलतं होतं. विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलंयस का? ती वस्तू घरात आहे का?" उत्तर "हो" आलं तर पुढच्या गोष्टी त्याच क्रमानं करा.

१. मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. शौचालयाला जातानाही कुणीतरी बाहेर थांबा.

२. मुख्याध्यापकांना लगेच सांगा आणि घरच्या माणसाला शाळेत बोलवा. पालक फडावर असतील तर फोनवर कळवा, आणि ज्यांच्याकडं मूल राहतं त्यांना समोर बसवून सांगा.

३. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध, दोर यांबद्दल स्पष्ट बोला. कापूस-सोयाबीन-तुरीच्या घरात कीटकनाशकाचा डबा खाटेखाली नाही तर देवळीत असतो. तो आजच कुलपात किंवा शेजाऱ्याकडं जाऊ द्या. एवढ्या साध्या गोष्टीनं जीव वाचतात, कारण अनेक मुलांचा हा निर्णय काही मिनिटांच्या झटक्यातला असतो.

४. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन लावा. तो चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. शिक्षक म्हणून "अशा मुलाशी काय बोलू?" हेही तिथं विचारता येतं.

५. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडं न्यायचं ठरवा, आणि कोण नेणार त्या माणसाचं नाव ठरवा. "घरच्यांनी न्यावं" एवढ्यावर सोडलं की कुणीच नेत नाही.

मुलानं काही विषारी प्यायलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ बोलवा, औषधाचा डबा सोबत न्या. "थोडंसंच घेतलं, आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका. काही कीटकनाशकांचा परिणाम उशिरा दिसतो.

"केस होईल" या भीतीनं अजूनही लोक दवाखाना टाळतात. पालकांना स्पष्ट सांगा: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं आहे. जुन्या दंड विधानातलं त्यासाठी शिक्षा सांगणारं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत उतरलेलंच नाही. मुलाला शिक्षा होणार नाही.

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस याच यादीत धरा. कोण काठावर आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. निकालाच्या दिवशी अकराच्या आत त्या पाच-सहा घरी फोन करा. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते, दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीत बसता येतं. ही माहिती मुलापेक्षा बापाला आधी द्या.

कायदा कुठं बंधन घालतो?

लैंगिक अत्याचाराबाबत तुमच्याकडं पर्याय नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं, असं घडलं किंवा घडण्याची शक्यता आहे असं कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. "आधी संस्थेत चौकशी करू, शाळेची बदनामी नको" हा सल्ला कुणीही दिला तरी तो बेकायदा आहे. उलट चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, असं त्याच कलमात म्हटलं आहे.

तुम्ही तपास करायचा नाही. मुलानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि खोदून विचारणं थांबवा. घरच्यांना हे सांगा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. या माहितीनं अर्धी भीती जाते.

बालविवाहाचं थोडं वेगळं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ऊसतोडीला जाताना गावात तरण्या मुलीला एकटं कुणापाशी ठेवायचं, ही आई-बापांची भीती खरी आहे, आणि वसतिगृहाची जागा हे तिचं खरं उत्तर आहे. म्हणून आठवीनंतरच्या मुलींसाठी ती जागा हंगामाआधी शोधा. तरीही लग्नाची तारीख ठरल्याचं कळलं तर ग्रामसेवक हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना कळवा किंवा १०९८ ला फोन करा. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा असं आवर्जून सांगा. आणि मुलगी परत वर्गात आली की तिच्यामुळं बापावर केस झाली हे टोमणे तिच्या कानावर पडणार नाहीत याकडं लक्ष द्या. तिचं खरं एकटेपण तिथून सुरू होतं.

कुठल्याही प्रकरणात मुलाचं नाव, फोटो, "अमक्याची मुलगी" असा उल्लेख व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शिक्षकांच्या ग्रुपवरही नाही.

पाठवायचं कुठं?

- १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६: टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी.
- १०९८: संकटातल्या मुलांसाठी. ११२: पोलीस. १०८: रुग्णवाहिका.
- बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय: मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. केज, धारूर, परळीकडच्यांना अंबाजोगाई जवळ.
- गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक: मूल वाचण्या-लिहिण्यात सतत अडखळतंय आणि त्यापायी खचलंय असं वाटलं तर. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासाठी सवलती आहेत.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक: शाळा तपासणीला येतं, तेव्हा दातांबरोबर या मुलांचंही बोला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण संस्थांसाठी निर्देश दिले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक, त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. आपल्या वाडी-वस्तीवरच्या बहुतेक शाळा दुसऱ्या गटातल्या. म्हणून केंद्रप्रमुखांकडं लेखी मागणी करा की केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एका तज्ज्ञाशी जोडून द्या. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्थापन करायच्या सखी सावित्री समितीची बैठक तुमच्या शाळेत शेवटची कधी झाली, हेही त्याच पत्रात लिहा. कागदावरची समिती मुलांच्या कामाची नाही.

रोजच्या तासात एवढं तरी

हजेरीच्या वेळी मुलांना छातीशी हात धरून एक ते पाच बोटं दाखवायला सांगा: एक म्हणजे आज फार वाईट, पाच म्हणजे मजेत. फक्त तुम्हाला दिसतं, कुणाला बोलावं लागत नाही. ज्यानं तीन दिवस एकच बोट दाखवलं, त्याच्याजवळ मधल्या सुट्टीत जा. रोजचा क्रम शक्यतो मोडू नका. घर विस्कटलेल्या मुलाला परिपाठ, खिचडी, गणिताचा तास वेळेवर होणं याचाच आधार असतो. गुण मोठ्यानं वाचून दाखवणं बंद करा.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येचे फोटो पुढं मोबाइलवर फिरले, ते मुलांनीही पाहिले. त्यानंतरच्या जातीय तणावात आडनावावरून बाक वेगळे झाल्याचं वर्गात दिसलं तर तो शिस्तीचा प्रश्न समजू नका. मुलं मोठ्यांची भीती वाहत असतात. बाक बदला, कबड्डीच्या संघात मिसळा आणि तुमच्या तोंडून कुठल्याही जातीबद्दल शेरा येऊ देऊ नका.

तुमचं स्वतःचं काय?

दोनशिक्षकी शाळा, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि वर हे सगळं. एखाद्या मुलाची कहाणी ऐकून रात्री झोप लागली नाही तर तुम्ही कमकुवत नाही. सहकाऱ्याशी नाव न घेता बोला, १४४१६ शिक्षकांसाठीही आहे. आणि सगळी मुलं तुमच्याकडून सावरणार नाहीत, हे मान्य करून कामाला लागा.

उद्या शाळेत गेलात की फळ्याशेजारी खडूनं नाही, रंगानं दोन आकडे लिहून घ्या: १४४१६ आणि १०९८. मुलांना ते पाठ करायला लावा. या हंगामात कोण कुणाकडं राहणार आहे त्याची यादी अजून केली नसेल तर ती याच आठवड्यात करा.